गिरणीच्या चाड्यासाठी आर्गन : शिकताना ठेवलेल्या नोंदी

१३ एप्रिल

आत्याच्या हळद-मिरची कांडपाच्या गिरणीचं चाडं कुजलंय. चाडं म्हणजे वरचं हॉपर. आत्या शेतकऱ्याची, त्यामुळे पेरणीच्या पाभरीचाच शब्द तिनं गिरणीला लावला आणि आता तिथं येणारी गिऱ्हाइकंही तोच वापरतात. लोखंडी पत्र्याचं आहे, आतून रंग मारलेला. रंगाचे पोपडे निघतात, कोपऱ्यात तिखट घट्ट बसतं आणि पावसाळ्यात त्याच्याखाली गंज धरतो. तिला स्टेनलेसचं हवंय. "घरात वेल्डिंगचं दुकान असताना मी बाहेर पैसे कशाला घालू?" याला उत्तर नाही.

अडचण एवढीच की आमचं दुकान ग्रील, गेट आणि शेडचं. आप्पा तीस वर्षं रॉडनं वेल्डिंग करतायत, मी डिप्लोमा झाल्यापासून सात. दीड मिलिमीटरच्या स्टेनलेस पत्र्यावर एसएसचा रॉड मारून आम्ही पाहिलाय. भोकं पडतात. जिथं पडत नाहीत तिथं छर्रे उडून चिकटतात आणि कोपऱ्यात स्लॅग, म्हणजे रॉडच्या लेपाची मळी, अडकून राहतो. ग्रीलला ते खपून जातं. ज्यावरून खायची हळद घसरणार, त्याला नाही.

म्हणून टिग : टॉर्चमधल्या टंगस्टनच्या कांडीनं जाळ पेटवायचा आणि भोवती आर्गन वायू सोडून हवा लांब ठेवायची. सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत टिग म्हणून विचारलं तर समोरचा क्षणभर थांबतो. आर्गन म्हटलं की लगेच पाच पत्ते सांगतो. तेव्हा मीही यापुढे आर्गनच म्हणणार.

मशीन जुनं घेतलंय : २०० ॲम्पियरचं सिंगल फेज इन्व्हर्टर, एचएफ स्टार्ट (टोक पत्र्याला न टेकवता जाळ पेटतो), फक्त डीसी. टॉर्च डब्ल्यूपी-१७, हवेवर थंड होणारी. पायाचं पेडल नाही. सात घनमीटरचा आर्गनचा सिलिंडर, मोरपिशी निळा. शिकवायला मामा. ते दूध डेअरीच्या टाक्या आणि पाइपलाइन करणाऱ्या कंपनीतून रिटायर झालेत आणि फक्त रविवारी मोकळे असतात. त्यांची अट : "पैल्या महिन्यात चाड्याचं नाव काढायचं न्हाई."

आत्याला मे अखेरपर्यंत गिरणी बंद ठेवता येत नाही, वर्षाचं तिखट कांडायचे दिवस आहेत. म्हणजे पावसाच्या तोंडाशी चाडं बसवायचं.

१४ एप्रिल

जयंतीची सुट्टी, बाजार बंद. टंगस्टनला टोक काढत बसले.

दुकानदारानं लाल रंगाच्या शेंड्याचे दिले होते. लाल म्हणजे त्यात दोन टक्के थोरियम ऑक्साइड. थोरियम किरणोत्सर्गी असतं. कांडी नुसती हातात धरून काही होत नाही, पण ग्राइंडिंगची धूळ नाकात जाणं वाईट. परत देऊन सोनेरी शेंड्याचे, लॅन्थेनमचे आणले, १.६ मिलिमीटर जाडीचे. मामांना फोनवर सांगितलं तर हसले. "मी उभ्या जल्मात लालच वापरला." मग जरा थांबून : "शेवटी शेवटी तोंडाला फडकं बांधायचो म्हणा."

१६ एप्रिल, रात्री

मामांची वाट न बघता एकटीनंच चालू करून पाहिलं. चूक क्रमांक एक.

दुकानात आम्ही ७०१८ नंबरचा रॉड चालवताना होल्डर प्लसला लावतो. सात वर्षांची सवय, हात आपोआप तिकडेच गेला. टॉर्च प्लसला, अर्थिंगची केबल मायनसला. स्विच दाबला, निळा उजेड पडला आणि माझ्या डोळ्यांदेखत टोकाचा खसखशीचा दाणा झाला, मग साबुदाणा, मग तो साबुदाणा थरथरत खाली पडला. तीन सेकंद लागले असतील.

टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळतं, सगळ्या धातूंत सर्वात उशिरा. ते असं मेणासारखं गळताना पाहून आधी वाटलं, माल खोटा आहे. माल चांगला होता. डीसीमध्ये उष्णतेचा मोठा वाटा, ढोबळमानानं दोन तृतीयांश, प्लसच्या बाजूला जातो. रॉड वितळायचाच असतो, त्यामुळे तो प्लसला असला तरी बिघडत नाही. टंगस्टननं मात्र नुसता जाळ धरून ठेवायचा असतो. टॉर्च मायनसला. मशीनवर खडूनं लिहून ठेवलंय.

२० एप्रिल

पहिला धडा. मामांनी आल्याआल्या माझं टोक पाहिलं आणि पाहुण्यांच्या घरचा चहा बिघडलेला असावा तसं तोंड केलं. मी टंगस्टन चाकावर आडवं धरून फिरवलं होतं, त्यामुळे त्याच्यावर गोल गोल चरे पडले होते. चरे टोकाच्या दिशेनं, उभे पाहिजेत. आडवे असले की जाळ एका जागी राहत नाही, माशीसारखा भिरभिरतो. मामांनी कांडी ड्रिल मशीनच्या चकमध्ये धरली आणि ड्रिल सावकाश फिरवत टोक चाकाला उभं लावलं. टोकाची लांबी कांडीच्या जाडीच्या दुप्पट-अडीचपट. चाकही वेगळं हवं. ज्याच्यावर गेटचे अँगल घासले त्याच्यावर हे घासायचं नाही.

मग अर्धा तास मशीन बंद ठेवून नुसती टॉर्च पट्टीवरून फिरवायला लावली. करंगळी पत्र्यावर टेकलेली, टॉर्च दहा-पंधरा अंश मागं कललेली, टोक आणि पत्रा यांच्यात दीड-दोन मिलिमीटर. आप्पा येता-जाता बघत होते. एकदा म्हणाले, "इस्त्री करायला शिकवताय का?"

नंतर चालू. दोन मिलिमीटरचा लोखंडी कटपीस, ७५ ॲम्पियर, फिलर (तळ्यात भरायची धातूची कांडी) नाही. पत्र्यावर आधी एक चमकता ठिपका येतो, तो पसरतो आणि त्याचं छोटं तळं होतं. सगळे त्याला पडल म्हणतात, मामा तळंच म्हणतात. "उजेडाकडं बघू नगंस. तळ्याकडं बघ. तळं कुठं चाललंय ते तुला सांगंल."

रॉडच्या वेल्डिंगमध्ये आम्ही तळं असं कधी पाहिलंच नव्हतं. तिथं स्लॅग, धूर, ठिणग्या. कानानं वेल्डिंग करतो म्हटलं तरी चालेल, भजी तळल्यासारखा आवाज आला की बरोबर. इथं आवाज जवळपास नाही. काचेतून तळ्याची कड इतकी स्वच्छ दिसते की भीती वाटते, कारण हाताचा प्रत्येक थरकाप तिच्यात उमटतो.

टंगस्टन तळ्यात बुडालं : २७ वेळा. बुडालं की टोकाला लोखंड चिकटतं, मग थांबा, टॉर्चमधली पकड (कोलेट) सैल करा, कांडी काढा, पुन्हा घासा. दिवसातला निम्मा वेळ ड्रिल मशीनजवळ गेला.

२१ एप्रिल

गळ्याखाली व्ही आकाराचा लाल पट्टा. कुर्त्याचा गळा जिथं संपतो तिथवरच. धूर नाही, ठिणगी नाही, म्हणून हलकं घेतलं होतं. या जाळातली अतिनील किरणं अडवायला मध्ये धूरसुद्धा नसतो. आजपासून आप्पांचा जुना कॉटनचा शर्ट, वरचं बटण लावून.

२७ एप्रिल

आठवडाभर संध्याकाळी एक एक तास. बुडणं सातावर आलं. आज फिलर.

उजव्या हातात टॉर्च, डाव्यात फिलरची कांडी. अंगठ्यानं कांडी पुढं सरकवायची, पंजा जागचा हलवायचा नाही. हे ऐकायला जितकं सोपं तितकं करायला छळणारं. कांडी १.६ ची, मीटरभर लांब, तिचं मागचं टोक कुठंतरी अडकतंच. घरी मालिका बघताना कांडी घेऊन बसते, आई ओरडते की डोळ्यात घालशील कुणाच्या तरी.

दुसरी गोष्ट : कांडी जाळात धरून वितळवायची नाही. तळ्याच्या पुढच्या कडेला टेकवायची, तळंच तिला ओढून घेतं. आणि मागं घेतानाही टोक आर्गनच्या छत्रीखालीच ठेवायचं, बाहेर काढलं की तापलेल्या टोकावर काजळी धरते आणि पुढच्या थेंबाबरोबर ती आत जाते. मी दर वेळी शेतात कोंबडी हाकलल्यासारखा हात मागं झटकत होते.

तळं कर, कांडी टेकव, मागं घे, पुढं सरक. मी विचारलं, केवढं पुढं? मामा म्हणाले, "तुझी आई करंजीला मुरड घालती तवा मोजती का?" आई करंजी करते तेव्हा खरंच बघत नाही, बोलत बोलत तिची बोटं कड दुमडत जातात आणि प्रत्येक घडी आधीच्या घडीवर अर्धी चढलेली असते. चांगल्या आर्गनची शिवण अगदी तशीच दिसते. माझी आजची शिवण म्हणजे पोरांनी केलेली करंजी. दोन घड्या बऱ्या, मग एक फाटलेली.

३० एप्रिल

अक्षय्य तृतीया, घरी आमरस, आणि दुकानात दिवसभर डोक्याला ताप.

काल सिलिंडर संपला. हिशेबानं संपायला नको होता : सात घनमीटर म्हणजे ७,००० लिटर, मिनिटाला आठ लिटर धरले तर साडेचौदा तास जाळ पेटता राहायला हवा. माझे जेमतेम सहा झालेत. साबणाचं पाणी लावून पाहिलं. मशीनच्या मागं नळी जिथं बसते तिथं क्लिपखाली सावकाश बुडबुडे. रोज रात्री सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून मी घरी जात होते आणि आर्गन रात्रभर कुपवाडच्या हवेत परत जात होता. हवेत तसाही तो ०.९३ टक्के असतोच, तिथूनच काढतात.

क्लिप बदलली, आज सकाळी नवा सिलिंडर आणवला, लावला, जाळ पेटवला. टंगस्टन काळं, मग हिरवट, टोक खाल्ल्यासारखं झालं. तळ्यावर साय धरल्यासारखा मळ. प्रवाह वाढवला, कमी केला, टॉर्चच्या तोंडाचा कप बदलला, पत्रा पुन्हा घासला, पंखा बंद केला. प्लस-मायनस तीनदा तपासले. दुपारी मामांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "बाटलीवर काय लिवलंय?"

गळ्याजवळचं लेबल वाचलं. आर्गन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण, मिगच्या, म्हणजे सरकत्या वायरच्या वेल्डिंगसाठीचं. पुरवठादाराचा पोरगा गडबडीत देऊन गेला आणि मी सही केली. मिगच्या वायरला तो थोडा कार्बन डायऑक्साइड मानवतो. तापलेल्या टंगस्टनला त्यातला ऑक्सिजन खातो. १८९४ मध्ये हा वायू सापडला तेव्हा त्याचं नाव ग्रीकमधल्या 'आळशी' या शब्दावरून ठेवलं, कारण तो कशाशीच संयोग करत नाही. इथं आम्हाला तेवढाच गुण हवा असतो. चाळीसच्या दशकात अमेरिकेत नॉर्थ्रॉप कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी विमानांच्या मॅग्नेशियमसाठी ही पद्धत बसवली तेव्हा हीलियम वापरला होता. तोही तितकाच आळशी, फक्त महाग.

सिलिंडर बदलून मिळाला, पुरवठादार काही न बोलता घेऊन गेला. आमरस थंड झाला नव्हता, तो थंडच असतो. पण पुऱ्या गार झाल्या.

४ मे

स्टेनलेस सुरू. ३०४ ग्रेडचा दीड मिलिमीटर पत्रा, फिलर ३०८-एल, ५५ ॲम्पियर. मिलिमीटरला चाळीस ॲम्पियर हा लोखंडाचा अंदाज, स्टेनलेसला त्याहून कमी पुरतो. कारण ते उष्णता धरून बसतं : साध्या लोखंडाच्या मानानं उष्णता वाहून न्यायची त्याची ताकद एक तृतीयांश आणि तापल्यावर पसरणं दीडपट. म्हणजे जिथं तापवलं तिथंच तापत राहतं आणि वर वाकडंही होतं. आत्याच्या भाषेत, खोडकर पोर.

इथं रंग बोलतो. शिवणीवर हलका पिवळा, सोनेरी रंग राहिला तर उत्तम. जांभळा-निळा म्हणजे जरा जास्त तापलं. राखाडी, काळा म्हणजे भाजलं, त्यातलं क्रोमियम जळालं. माझी पहिली शिवण राखाडी, दुसरी राखाडी, तिसरी राखाडी. मला वाटलं ॲम्पियर जास्त, म्हणून कमी केले, तर रंग आणखी काळा. मामांनी उलट साठवर नेले. कमी ॲम्पियरवर तळं व्हायला वेळ लागतो, तेवढा वेळ मी तिथं थांबते आणि उष्णता सगळीकडं पसरते. जरा जास्त दे, पटकन तळं कर आणि निघ. हे रॉडच्या हाताला पटायला पंधरा-वीस शिवणी गेल्या. शेवटच्या दोन निळ्या.

जाळ विझल्यावर टॉर्च उचलायची नाही, आठ सेकंद तिथंच धरून ठेवायची, आर्गन चालू राहतो. मी दर वेळी लगेच उचलून शिवण बघायला जाते. "घाई कसली? मुहूर्त टळतोय व्हय?"

पंखा बंद. बाहेर चाळीसच्या आसपास. आप्पा दुकानाच्या दुसऱ्या टोकाला टेबलफॅन घेऊन गेलेत आणि तिथून माझ्याकडे दयेनं बघतात.

७ मे

बातमी फुटली. सकाळी एक जण बुलेटचं ॲल्युमिनियमचं कव्हर घेऊन आला, "आर्गन मारता ना?" नाही म्हणावं लागलं. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, पण त्याच्यावरची ऑक्साइडची साय दोन हजारांवर. डीसीनं तापवलं तर आतलं पाणी होतं आणि वरची साय तशीच, पिशवीत पाणी धरल्यासारखं. ती साय फोडायला एसी लागतो आणि आमच्या मशीनला तो नाही. त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे अर्धंच आर्गन आहे तुमच्याकडं."

११ मे

आज वरून सोनेरी शिवण आली. हळदीच्या रंगाची म्हटलं तरी चालेल, सांगलीत राहून एवढं म्हणायचा हक्क आहे. फोटो काढून आत्याला पाठवणार, एवढ्यात मामांनी तुकडा उलटा केला.

मागची बाजू काळी, खडबडीत, गुऱ्हाळात कढईच्या तळाला लागलेल्या मळीसारखी. वरच्या बाजूला आर्गन होता, खालच्या बाजूला हवा. वितळलेल्या स्टेनलेसनं खालून ऑक्सिजन घेतला. आणि चाड्याची हीच बाजू आत असणार, हिच्यावरूनच हळद घसरणार. दुधाच्या पाइपात अशी शिवण ठेवली तर तिच्यात दूध अडकून नासतं, म्हणून डेअरीच्या कामात पाइपाच्या आतूनही आर्गन सोडतात.

दोन उपाय करून पाहिले. एक, मागं तांब्याची पट्टी. अर्थिंगची जुनी पट्टी होती, २५ बाय ३. घासून लख्ख केली आणि शिवणीमागं दाबून धरली. तांबं उष्णता ओढून घेतं आणि हवेलाही अडवतं. मागची बाजू करडी पण गुळगुळीत. दोन, मागं ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावून पन्हाळीसारखी पोकळी केली आणि एका टोकानं मिनिटाला चार लिटर आर्गन सोडला. मागची बाजू चांदीसारखी. दुसरा उपाय नक्की.

हे करताना मामांनी एकदाच आवाज चढवला. नळी चालू असताना मी पिंपात डोकं घालून बघत होते. आर्गन हवेपेक्षा जड, जवळजवळ १.४ पट, खोलगट भांड्यात पाण्यासारखा भरून राहतो. वास नाही, रंग नाही, गुदमरल्याचं कळतही नाही. त्यांच्या नोकरीत एक जण टाकीत उतरला आणि तिथंच बसला. वेळेवर ओढून काढला म्हणून वाचला. एवढंच सांगितलं, पुढं बोलले नाहीत.

१८ मे

चाडं : वर ४५० बाय ४५०, खाली १५० बाय १५०, उंची ३००. उतार ६३ अंशांचा येतो, ओलसर तिखटही घसरेल. चारी बाजू सारख्या, तिरकी उंची ३३५. शिअरिंग मशीनवर कापून आणल्या, चार मिळून पावणेपाच किलो.

कोपऱ्यात पत्रे धरायला मी काटकोनाचा आधार करून ठेवला होता, अँगलचा, मोठ्या हौशीनं. बसेना. पत्रे आत दाबावे तर वरचं तोंड जुळेना. अर्ध्या तासानं डोक्यात प्रकाश पडला की उतरत्या बाजूंचा कोपरा नव्वदचा नसतोच. कागदावर मांडलं : १०१.५ अंश. डिप्लोमाला ड्रॉइंगमध्ये बरे मार्क होते, हे इथं लिहून ठेवते, कारण आप्पांनी ते आज सगळ्यांना सांगितलं.

आधार पुन्हा केला.

२५ मे

पाऊस लवकर आला. चार-पाच दिवस रिपरिप, शेडची सगळी कामं ठप्प. सरावाचे तुकडे बाहेर ओट्यावर पडले होते, त्यातल्या सहांवर शिवणीच्या कडेनं तांबूस ठिपके. स्टेनलेसला गंज! आधी पत्रा विकणाऱ्यावर संशय घेतला. मग लक्षात आलं की बाकीच्या तुकड्यांवर एक ठिपका नाही. हे सहा मी दुकानातल्या नेहमीच्या तारेच्या ब्रशनं घासले होते. लोखंडाचे कण स्टेनलेसवर बसले आणि ते गंजले.

स्टेनलेसच्या तारेचा ब्रश आणला, त्याच्या मुठीला निळी टेप. आप्पांच्या ग्राइंडरच्या ठिणग्या माझ्या टेबलावर येतात, त्यांचंही तेच. मध्ये ताडपत्री टांगली. आप्पा म्हणाले, "वाटणी झाली म्हणायची." मी हसले, पण ताडपत्री काढली नाही. रॉडच्या कामात आम्ही गंज, रंग, तेल सगळ्यावरून वेल्डिंग मारतो, स्लॅग वर येतो आणि निभावून जातं. आर्गनमध्ये निभावणारं कुणी नाही. गेल्या दीड महिन्यात मी जाळ धरला त्याच्या तिप्पट वेळ पुसत, घासत आणि वाट बघत बसले असेन.

१ जून

चाडं जोडलं.

ॲसिटोननं कडा पुसल्या, वाळू दिल्या. दर चाळीस मिलिमीटरवर टाके, आधी मधला, मग दोन टोकं, मग राहिलेले. सरावात दोन पत्रे एका दमात जोडले होते तर त्यांचं केळं झालं होतं, म्हणून आज एका कोपऱ्यात पन्नास मिलिमीटर, मग समोरच्या कोपऱ्यात पन्नास, असं आळीपाळीनं. एक कोपरा ३६७ मिलिमीटर, चार मिळून दीड मीटरला थोडं कमी. सकाळी दहाला सुरू केलं, संध्याकाळी सहाला शेवटचा टप्पा.

पहिल्या कोपऱ्यात सुरुवातीचा इंचभर राखाडी. मामा समोर उभे होते म्हणून हात आखडला. बाकी सोनेरी, कुठं कुठं निळसर.

अंधार पडल्यावर मामांनी दुकानातले दिवे घालवायला सांगितले, चाडं जमिनीवर पालथं घातलं आणि वर आलेल्या लहान तोंडातून आत बल्ब सोडून ते तोंड पुठ्ठ्यानं झाकलं. काळोखात चार काळे कोपरे. त्यातल्या दोन ठिकाणी सुईच्या टोकाएवढा उजेड. आम्ही तिघं काही न बोलता बघत राहिलो. आप्पा म्हणाले, "चांदण्या पडल्यात."

दोन्ही भोकं टप्पा जिथं संपला तिथंच. मी बटण सोडून जाळ एकदम तोडते, तळं मधोमध खचतं आणि आकसताना भोक राहतं. "दिवा फुंकर मारून इझवू नगं. वात खाली घे." मशीनवर त्यासाठी बटण आहे, करंट हळूहळू उतरवायचं. दीड महिना ते शून्यावर होतं.

४ जून

करंट उतरायला तीन सेकंद ठेवले. दोन्ही जागा घासून, पुसून, मागं आर्गन सोडून पुन्हा भरल्या. रात्री बल्ब लावला. काळोख.

खाली २५ बाय ३ च्या पट्टीची चौकट टाक्यांनी जोडली, आठ भोकं पाडली. गिरणीचं अंग लोखंडी, म्हणून मध्ये रबराची गॅस्केट.

८ जून

गिरणीवर नेऊन बसवलं. सात बोल्ट सरळ गेले, आठव्यासाठी गोल कानस चालवावी लागली. आत्यानं चाड्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि खोबरं वाटता वाटता झाकणाची ऑर्डर दिली. पैशांचा विषय तिनंही काढला नाही, मीही नाही.

पहिलं पोतं हळदीचं. गेल्या वेळी आत्या लाकडी दांडक्यानं चाड्याला ठोकत बसायची, आज दांडकं भिंतीला टेकून होतं. पोतं संपल्यावर मामांनी गिरणी बंद करायला लावली आणि आतून कोपऱ्यांवरून बोट फिरवलं, एकेक करून चारही. बोटाला पिवळी पूड लागली, खडा नाही. मग ते बाहेरून फिरले, भिंतीकडच्या कोपऱ्यापाशी वाकले, चष्मा वर केला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "ह्यो पैला न्हवं?"

मी हो म्हटलं. मुद्दामच तो भिंतीकडं ठेवला होता.